बसले की चढणारी, आडवे झाले की उतरणारी डोकेदुखी: मणक्यातील पाणी झिरपत असल्यास काय करावे

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात डोकेदुखीचे कारण विचारले तर घरोघरी ठरलेली उत्तरे मिळतात: पित्त, ऊन, चष्म्याचा नंबर, रक्तदाब, नाही तर अर्धशिशी. बहुतेक वेळा यांतले एखादे बरोबरही निघते. मात्र एका प्रकारच्या डोकेदुखीचे मूळ डोक्यात नसून पाठीत असते आणि ती ओळखण्याची खूण रुग्ण स्वतःच रोज अनुभवत असतो. उठून बसले की काही वेळात डोके ठणकू लागते आणि आडवे झाले की उतरते.

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती पाण्यासारखा स्वच्छ द्रव असतो. डॉक्टर त्याला सीएसएफ म्हणतात, आपल्याकडे सरळ ‘मणक्यातले पाणी’ म्हणतात. प्रौढ माणसाच्या शरीरात हा द्रव एका वेळी साधारण १५० मिलिलिटर असतो आणि दिवसभरात सुमारे ५०० मिलिलिटर नव्याने तयार होतो. मेंदू त्यात तरंगत असतो. पाठीच्या कण्यातील ड्युरा नावाच्या आवरणाला कोठे चीर पडली, मज्जातंतूच्या मुळाशी आवरणाचा पातळ फुगा होऊन तो फुटला किंवा हा द्रव परस्पर एखाद्या शिरेत वाहू लागला, तर साठा कमी पडतो. मग उभे राहिल्यावर मेंदू किंचित खाली बसतो, त्याची आवरणे ताणली जातात, शिरा फुगतात आणि डोके दुखते. अपघात किंवा पाठीत सुई टोचणे असे उघड कारण नसताना हे घडते, तेव्हा त्याला उत्स्फूर्त गळती म्हणतात. जर्मन मेंदूविकारतज्ज्ञ गेओर्ग शाल्टेनब्रांट यांनी १९३८ साली या विकाराचे वर्णन केले होते, म्हणजे हा आजार नवा नाही. तो ओळखण्याची साधने मात्र गेल्या काही दशकांतली आहेत.

परदेशातील पाहण्यांनुसार वर्षाला दर लाख लोकांमागे साधारण दोन ते पाच जणांना हा त्रास नव्याने होतो. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४८ लाख होती. तेच प्रमाण येथे लावले तर दरवर्षी शंभर ते अडीचशे रुग्ण या एका जिल्ह्यात असावेत. त्यांपैकी किती जण पित्ताच्या गोळ्या खात बसले असतील, याचा विचार वाचकांनीच करावा. हा त्रास चाळिशीच्या आसपास अधिक आढळतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये जास्त दिसतो.

आधी नोंद, मग दवाखाना

या आजाराच्या निदानात सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे रुग्णाने स्वतः ठेवलेली नोंद, असे माझे स्पष्ट मत आहे. ओपीडीत डॉक्टरांच्या हाती पाच-सात मिनिटे असतात. तेवढ्यात ‘डोकं फार दुखतंय’ एवढेच सांगितले, तर उत्तरही तेवढेच मिळते. म्हणून निदान चार दिवस एका वहीत पुढीलप्रमाणे लिहावे. दुखणे शून्य ते दहा या मापात मोजावे. शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे सहन न होणारे.

नमुन्यादाखल एक सकाळ अशी दिसेल. सहा वाजता, अंथरुणातून उठण्यापूर्वी: शून्य. सहा चाळीसला, चहा करताना उभे असताना: तीन, मागच्या बाजूला आणि मानेत. आठ वाजता, भाकऱ्या थापून झाल्यावर: सात, मळमळ, कानाला दडे बसल्यासारखे. आठ दहाला उशी न घेता आडवे. साडेआठला: दोन. या पाच ओळी पाहिल्या की जाणत्या डॉक्टरांना पुढचे फारसे विचारावे लागत नाही.

दुखणे उठायला किती वेळ लागला आणि आडवे झाल्यावर उतरायला किती वेळ लागला, हे दोन्ही आकडे हवेत. बहुतेकांना आडवे झाल्यावर पंधरा मिनिटे ते अर्ध्या तासात स्पष्ट उतार पडतो. काहींना सकाळी काही जाणवत नाही, पण दुपार कलली की डोके जड होते. तेही या आजारात बसते. त्रास जुना झाला की हा उभे-आडवे फरक पुसट होत जातो, म्हणून सुरुवातीचे दिवस कसे होते ते आठवून वेगळे लिहावे. खोकताना, शिंकताना, वाकताना किंवा शौचाला कुंथताना कळ वाढते का, कानात आवाज येतो का, ऐकू कमी येते का, एकाच्या दोन वस्तू दिसतात का, दोन खांद्यांच्या मध्ये दुखते का, हेही नोंदवावे. त्रास एखाद्या ठराविक क्षणी सुरू झाला असेल, उदाहरणार्थ उसाची मोळी उचलताना, तंबाखूच्या वखारीत शिंकांची सरबत्ती आल्यावर किंवा कोणाकडून मान मोडून घेतल्यावर, तर ती तारीख टिपून ठेवावी.

अर्धशिशीच्या रुग्णालाही अंधाऱ्या खोलीत पडून राहावेसे वाटते. परंतु त्याची कळ केवळ आडवे झाल्याने वीस मिनिटांत ओसरत नाही आणि उठल्याबरोबर परतही येत नाही. उभे राहिल्यावर नाडी फार वाढण्याचा एक वेगळा विकार आहे, त्यातही असाच त्रास होऊ शकतो. तो तपासण्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा घरच्या यंत्रावर आधी आडवे असताना आणि मग उभे राहून दहा मिनिटांपर्यंत अधूनमधून रक्तदाब व नाडी मोजून घ्यावी. प्रौढाची नाडी मिनिटाला तीस ठोक्यांहून अधिक वाढत असेल, तर तेही वहीत लिहावे.

बाळंतपणाच्या सिझेरियनसाठी किंवा अन्य शस्त्रक्रियेसाठी कमरेत भूल दिल्यानंतर काही दिवसांतच अशी डोकेदुखी सुरू झाली असेल, तर ती सुईच्या छिद्रातून होणारी गळती असते. ती बहुधा दोन आठवड्यांत आपोआप थांबते. तरी ज्या रुग्णालयात भूल दिली तेथे कळवावे. नाकातून सतत पाण्यासारखा द्रव गळणे ही आणखी तिसरी गोष्ट. ती गळती कवटीच्या तळातून होते आणि तिचा उपचार वेगळा असतो.

ज्या वेळी वही बाजूला ठेवून तातडीने निघावे

क्षणार्धात शिगेला पोहोचलेली, आयुष्यात कधी अनुभवली नाही अशी डोकेदुखी. ताप आणि मान आखडणे. झोपाळूपणा, बरळणे, फिट येणे. हात-पाय किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे. डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारे दुखणे. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर अचानक उठलेले डोके. यांपैकी काहीही असल्यास १०८ ला फोन करावा किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. आधीपासून गळतीचे निदान झालेल्या रुग्णाची डोकेदुखी बदलून आडवे असतानाही सतत राहू लागली, तर तोही धोक्याचा इशारा समजावा. कारण मेंदूभोवती रक्त साचणे किंवा मेंदूच्या शिरेत गुठळी होणे या गुंतागुंती अशाच प्रकारे पुढे येतात.

घरी पहिले पंधरा दिवस

धोक्याची लक्षणे नसतील आणि त्रास नुकताच सुरू झाला असेल, तर डॉक्टरांना दाखवून सुमारे दोन आठवडे साध्या उपायांनी पाहता येते. काही गळत्या एवढ्यानेच मिटतात. दिवसाचा बराच भाग सपाट पडून काढावा, पाणी, ताक, पेज भरपूर घ्यावी. चहा-कॉफीने काहींना तात्पुरता उतार पडतो. दिवसभरात दोन-तीन कप पुरेत. त्याने चीर भरत नाही आणि सायंकाळी घेतल्यास झोप जाते, एवढे ध्यानात ठेवावे. पोटाला पट्टा बांधल्यानेही काहींना बरे वाटते. पडून असताना पायांची बोटे व घोटे तासातासाने हलवावेत आणि पोटरी सुजली किंवा दुखू लागली तर डॉक्टरांना दाखवावे.

वेदनाशामक म्हणून पॅरासिटामोल ठीक आहे, परंतु साध्या गोळ्याही महिन्यात पंधराहून अधिक दिवस घेतल्या तर त्यांच्यामुळेच डोके दुखू लागते. अर्धशिशी समजून टोपिरामेट सुरू केलेले असेल, तर त्याने या द्रवाचा दाब आणखी उतरू शकतो. गोळी परस्पर बंद करू नये, पण डॉक्टरांच्या नजरेस अवश्य आणावी.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नये. मानेची शीर आखडली आहे असे कोणी सांगितले म्हणून हाडवैद्याकडून, केशकर्तनालयात किंवा मालिशवाल्याकडून मान-पाठ मोडून घेऊ नये. आधीच फाटलेल्या आवरणाला झटका देण्यात काहीही शहाणपण नाही.

दोन आठवड्यांत उतार पडला नाही, किंवा उठून घरचे व्यवहारही होईनासे झाले, तर आणखी वाट पाहत राहू नये. या आजारात महिनोन्महिने ‘बघू या’ म्हणण्यातच सर्वाधिक नुकसान होते.

तपासण्या: काय मागावे, कशाची घाई करू नये

मेंदूविकारतज्ज्ञांकडे जावे. बेळगावात केएलई संस्थेचे डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय आणि बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे जिल्हा रुग्णालय ही मोठी शिक्षण-रुग्णालये आहेत. चिक्कोडी-निपाणीकडचे लोक कोल्हापूर-मिरजेला, तर खानापूरकडचे हुबळीला किंवा बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला जाणेही सोयीचे मानतात. डॉक्टर कन्नडभाषक असतील आणि आपली कन्नड जेमतेम असेल, तर ‘मलगिदरे तलेनोवु कडिमे आगुत्तदे, एद्दरे जास्ती आगुत्तदे’ हे एक वाक्य पाठ करून जावे. आडवे झाल्यावर डोकेदुखी कमी होते आणि उठल्यावर वाढते, इतके कळले की मुख्य काम झाले.

पहिली योग्य तपासणी म्हणजे शिरेतून कॉन्ट्रास्ट (चित्र ठळक करणारे औषध) देऊन केलेला मेंदूचा एमआरआय. कॉन्ट्रास्टशिवाय केलेल्या चित्रात महत्त्वाची खूण, म्हणजे मेंदूच्या बाह्य आवरणाचे सर्वदूर उजळणे, दिसतच नाही. त्यामुळे पुन्हा खर्च करावा लागतो. आवरण उजळणे, शिरा फुगणे, पिट्यूटरी ग्रंथी मोठी दिसणे, मेंदू खाली बसणे आणि दोन्ही बाजूंना द्रव साचणे या पाच खुणा रेडिऑलॉजिस्ट शोधतात. कॉन्ट्रास्टपूर्वी मूत्रपिंडाची क्रिॲटिनिन चाचणी होते, तिचा जुना रिपोर्ट असल्यास सोबत न्यावा. त्याच वेळी संपूर्ण मणक्याचा एमआरआय करून घेणे इष्ट, कारण कण्याच्या आत आवरणाबाहेर साचलेले पाणी त्यात दिसू शकते.

साधा सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणून गळती नाही असे ठरत नाही. किंबहुना प्रत्यक्ष गळती असलेल्या सुमारे पाचांपैकी एका रुग्णाचा मेंदूचा एमआरआयही नॉर्मल येतो. अशा वेळी ‘सगळे मानसिक आहे’ असे ऐकून परत येऊ नये. वही पुढे करावी आणि दुसरे मत घ्यावे.

दोन चुकीच्या वाटांबद्दल येथे थोडे थांबून सांगणे आवश्यक आहे. आपल्या भागात क्षयरोग नवा नाही, त्यामुळे आवरण उजळलेले दिसले की मेंदूच्या टीबीची शंका लगेच येते. ताप, वजन घटणे, मान आखडणे असे काही नसेल आणि डोकेदुखी स्पष्टपणे उभे-आडवे बदलत असेल, तर महिनोन्महिने चालणारी औषधे सुरू होण्यापूर्वी ‘हे गळतीमुळे असू शकेल का?’ हा प्रश्न विनयाने पण नक्की विचारावा. औषधे आधीच सुरू असतील तर ती स्वतःहून थांबवू नयेत. दुसरी चूक अशी की, मेंदूचा मागचा भाग खाली सरकलेला पाहून त्याला जन्मजात दोष समजले जाते आणि कवटीच्या मागच्या बाजूची शस्त्रक्रिया सुचवली जाते. मूळ गळती कायम असताना त्या शस्त्रक्रियेने लाभ होत नाही.

पाठीतले पाणी काढून दाब मोजण्याची पद्धत जुनी आहे. दाब पाण्याच्या स्तंभाच्या ६ सेंटिमीटरहून कमी आला तर निदानाला बळ मिळते. पण साधारण एक तृतीयांश रुग्णांचा दाब नॉर्मल निघतो आणि सुईमुळे आणखी एक छिद्र पडण्याची शक्यता असते. म्हणून केवळ दाब मोजण्यासाठी ही तपासणी करू नये, असा तज्ज्ञांचा आताचा कल आहे. मात्र डॉक्टरांना मेंदूज्वराची शंका असेल, तर ती नाकारू नये; तेथे तिच्यावाचून गत्यंतर नसते.

ब्लड पॅच

साध्या उपायांनी भागले नाही की मुख्य उपचार म्हणजे एपिड्यूरल ब्लड पॅच. रुग्णाचेच रक्त हाताच्या शिरेतून घेऊन कण्यातील ड्युरा आवरणाच्या बाहेरच्या पोकळीत सोडायचे, एवढेच त्याचे स्वरूप आहे. ते रक्त आवरणावर दाब देते आणि गोठून चीर झाकते. १९६० साली जेम्स गॉर्मली या अमेरिकन शल्यचिकित्सकाने कमरेतील भुलीनंतरच्या डोकेदुखीवर हा उपाय मांडला. तेथून तो उत्स्फूर्त गळतीसाठीही वापरला जाऊ लागला.

पॅच बहुधा भूलतज्ज्ञ, वेदनातज्ज्ञ किंवा रेडिऑलॉजिस्ट देतात. त्यापूर्वी ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी अन्य औषधे चालू असल्यास आधीच सांगावे. ती किती दिवस थांबवायची हे डॉक्टर ठरवतात. अंगात ताप असेल किंवा कमरेच्या त्वचेवर फोड, गळू असेल तर पॅच पुढे ढकलला जातो. हेही लपवू नये.

प्रत्यक्ष क्रियेत रुग्णाला पालथे किंवा कुशीवर झोपवतात, कमरेची जागा बधिर करतात आणि सुई एपिड्यूरल पोकळीत पोहोचली की निर्जंतुक पद्धतीने काढलेले रक्त सावकाश सोडतात. प्रमाण साधारण १० ते २० मिलिलिटर, काही ठिकाणी ४० पर्यंत असते. रक्त जात असताना पाठीत, कमरेत किंवा मांड्यांत दाब भरत आल्यासारखे वाटते, ते अपेक्षित आहे. परंतु पायात वीज चमकल्यासारखी कळ गेली किंवा दाब असह्य झाला, तर तत्क्षणी बोलावे, डॉक्टर थांबतात. सोसत राहणे येथे गुण नाही. त्यानंतर किमान दोन तास आणि अनेक ठिकाणी चोवीस तासांपर्यंत सपाट झोपवून ठेवतात.

गळतीची नेमकी जागा माहीत नसतानाही कमरेतून पहिला पॅच देणे ही मान्य पद्धत आहे. काहींना एकाच पॅचने आराम पडतो. अनेकांना दुसरा, तिसरा घ्यावा लागतो, म्हणून एका अपयशाने उपचारच फोल ठरले असे समजू नये.

पॅचनंतरचे चार ते सहा आठवडे

पॅच घरी येऊन बिघडतो तो बहुधा कामामुळे. या काळात वाकणे, पीळ देणे, ताणणे, दोन-चार किलोंपेक्षा जड उचलणे आणि कुंथणे टाळायचे असते. आपल्या गावच्या दिनक्रमात याचा अर्थ असा: भरलेली घागर किंवा सिलिंडर उचलायचा नाही, लहान मुलाला कडेवर घ्यायचे नाही, भात लावणीला किंवा ऊसतोडीला जायचे नाही, वाकून केर काढायचा वा अंगणात रांगोळी घालायची नाही, खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकीच्या मागे बसायचे नाही. खाली पडलेली वस्तू उचलायची असेल तर कमरेत न वाकता गुडघ्यांतून बसावे. अंथरुणातून उठताना आधी सगळे अंग एका कुशीवर वळवावे, पाय खाली सोडावेत आणि हातांनी रेटा देत बसावे. सरळ उताणे असताना पोटावर जोर देऊन उठू नये. खोकला किंवा शिंक आली तर तोंड उघडे ठेवावे. बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून इसबगोल किंवा डॉक्टरांनी दिलेले औषध घ्यावे आणि शक्य असल्यास भारतीय शौचकुपावर ठेवायची खुर्ची वापरावी. घरातल्या स्त्रीला पॅच दिलेला असेल, तर ही यादी तिच्यापेक्षा इतरांनी वाचणे अधिक गरजेचे आहे. कारण विश्रांतीचा सल्ला तिला मिळतो आणि पाणी मात्र तिनेच भरावे अशी अपेक्षा कायम राहते.

एक उलटा प्रकार पॅचनंतर घडू शकतो. जुनी डोकेदुखी जाते आणि त्याऐवजी कपाळावर किंवा डोळ्यांमागे, आडवे झाल्यावर वाढणारी नवी डोकेदुखी येते. मळमळ आणि अंधुक दिसणेही असू शकते. गळती बंद झाल्यावर द्रवाचा दाब काही काळ वाढतो, त्याचे हे लक्षण आहे. बहुतेकांमध्ये ते काही दिवसांत किंवा आठवड्यांत शमते. डोक्याकडची बाजू तीस अंशांपर्यंत उंच करून झोपावे आणि डॉक्टरांना कळवावे. गरज पडल्यास ते हा दाब उतरवणारे ॲसिटाझोलामाइड देतात. सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास त्यांना आधी सांगावे. हा फरक माहीत नसल्याने पॅच फसला असे समजून पुन्हा पॅच घेतला, तर त्रास वाढतो. दृष्टी कमी होत असेल, ताप आला, पाय लुळे पडू लागले किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

पॅच लागू पडला नाही तर

आता गळतीची नेमकी जागा शोधावी लागते. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर पाण्यात बुडवून, ती फिरवत फिरवत शोधतात, तसेच येथे द्रवात कॉन्ट्रास्ट सोडून, रुग्णाला कधी पालथे तर कधी एका कुशीवर ठेवून सीटी किंवा डिजिटल मायलोग्राम (कण्यातील द्रवाचे चित्रण) करतात. समोरच्या बाजूची चीर पुष्कळदा मणक्याच्या चकतीजवळील हाडाच्या अणकुचीदार टोकामुळे पडलेली असते. तिला शस्त्रक्रियेने टाके घालता येतात. द्रव थेट शिरेत जात असल्याचा प्रकार २०१४ साली प्रथम वर्णिला गेला. त्यावर शिरेच्या आतून जाऊन ती बंद करण्याची पद्धत २०२१ पासून उपलब्ध झाली आहे. नेमक्या जागी रक्त किंवा फायब्रिन नावाचा गोंद सोडणे हाही एक मार्ग आहे.

ही कामे सर्वत्र होत नाहीत. बेंगळुरूचे निम्हान्स (मेंदू व मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था) किंवा पुण्या-मुंबईतील मोठी रुग्णालये गाठण्यापूर्वी तेथे मायलोग्राम व लक्ष्यित पॅच होतो का, हे फोनवर विचारून घ्यावे. बेंगळुरूला बसून जाण्यापेक्षा राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने खालचा बर्थ घेऊन रात्री आडवे होऊन जाणे या रुग्णांना मानवते. गोव्याकडे जायचे असेल तर चोर्ला घाटातली वळणे मागच्या सीटवर झोपून पार करावीत. एमआरआयच्या केवळ छापील रिपोर्टवर विसंबू नये. सीडी मागून घ्यावी, कारण पुढचे डॉक्टर चित्रे स्वतः पाहतात.

खर्चासाठी आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. तातडीची वेळ सोडता खासगी रुग्णालयात जाण्यापूर्वी सरकारी रुग्णालयाचे रेफरल पत्र घ्यावे लागते, म्हणून बिम्सची पायरी वगळू नये. आपला उपचार पॅकेजमध्ये बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे. महाराष्ट्र सरकारने २०२३ साली महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला आणि कर्नाटक सरकारने त्याला विरोध केला. त्यामुळे कोल्हापूर-मिरजेच्या रुग्णालयात त्या योजनेतून उपचार घ्यायचे असतील, तर आपले गाव यादीत आहे का आणि कोणते दाखले लागतात, याची त्या रुग्णालयाच्या योजना-कक्षात दाखल होण्यापूर्वीच खात्री करून घ्यावी.